मुद्दाम आऊट

अहो, तुमची टीम परवा पण हरली.

सईनं विजयभाऊजींच्या कॉम्प्युटरवर बघून सांगितलं. इंटरनेटसाठी फोनची लाईन मोकळी मिळेपर्यंत बिचारीला ताटकळत बसावं लागलं, कारण तुमच्यासाठी येणारे फोन अजून थांबलेले नाहीत. जो तो विचारतो, कसं झालं, काय झालं, आधी काही त्रास होता का. मी सांगून सांगून थकले, आता भाऊजी सांगतात. त्यांचंही पाठ झालंय. मी आतल्या खोलीत बसून ऐकते आणि मला वाटतं, हे नक्की कुणाबद्दल बोलतायत? शांत माणूस, मनमिळाऊ, कुणाला कधी उलट शब्द नाही. माझ्या नवऱ्याला पहाटे रेडिओला शिव्या घालताना यांनी कुणी ऐकलेलं नाही.

फोटो लावलाय तो सूटमधला, कंपनीच्या डिनरचा. सई म्हणाली, "दॅट्स नॉट बाबा." तिला निळ्या टोपीतला हवा होता. टोपी घातलेल्या माणसाच्या फोटोला हार घालत नाहीत, असं जाऊबाईंचं म्हणणं पडलं. असेलही. मी मध्ये पडले नाही. टोपी माझ्या बॅगेत आहे.

सांगलीला आलेय खरी, पण अजून अंगात अबुधाबीच आहे. इथं खिडक्या सताड उघड्या असतात आणि मी उठून लावत सुटते. मग कुणीतरी म्हणतं, अहो वहिनी, वारा येऊ दे की.

लोक येतात, तुमच्याबद्दल चार शब्द चांगले बोलून जातात. माझं मात्र तुमच्याशी भांडण अर्धवट राहिलंय आणि मला ते पुरं करायचंय. नेहमीसारखं "बरं बाई, तुझं खरं" म्हणून तुम्हाला आता उठून जाता येणार नाही, तेवढी एक सोय झालीय.

ते भांडण लावलं डेलसाहेबांनी. आपण अबुधाबीला गेलो तेव्हा सई जेमतेम चालायला लागली होती. माझ्या पासपोर्टवर शिक्का बसला, हाउसवाइफ, नोकरीला परवानगी नाही. सांगलीत दहावीच्या वर्गाला गणित शिकवत होते मी, माझ्या तासाला पोरं श्वास सुद्धा विचारून घ्यायची. आणि तिथं अबुधाबीत टुरिस्ट क्लब भागातल्या त्या चौथ्या मजल्यावर माझी सत्ता चालायची एका कुकरवर. खिडकी उघडली की समोरच्या बिल्डिंगमधल्या सगळ्या एसींची गरम वाफ तोंडावर, म्हणून खिडकी कधी उघडायचीच नाही. मे ते सप्टेंबर खाली उतरायची सोय नाही. सईला शाळेच्या बसमध्ये बसवायचं, खालच्या बकाल्यातून, म्हणजे वाण्याकडून, दूध आणि खुबुसच्या रोट्या घ्यायच्या, वर यायचं, कडी लावायची. तुमचा पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत आणि मी तुमच्या व्हिसावर. अडकायचं ते सुद्धा स्वतःच्या नावानं नाही.

तुम्ही साइटवर जायचात, तिथं कन्सल्टंटचे डेलसाहेब. अमेरिकेतलं त्यांचं गाव मला कधी नकाशात नीट सापडलं नाही, पण त्या गावची बेसबॉलची टीम मला माझ्या माहेरच्या माणसांपेक्षा जास्त पाठ झाली. साइट ऑफिसात पेपर पहिल्यांदा तुमच्या टेबलावर यायचा. साहेब आत आले की गुड मॉर्निंगच्या आधी विचारायचे, जिंकलो का आपण? शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात निकाल असायचा, तोही एक दिवस शिळा. साहेबांचा मूड त्यावर, आणि ड्रॉइंगवर सही मिळणं साहेबांच्या मूडवर, म्हणून तुम्ही ते कोपरे वाचायला लागलात. पोटासाठी सुरू झालेलं ते पुढं व्यसन झालं. साहेबांची बदली झाली तेव्हा जाताना त्यांनी तुम्हाला आपली निळी टोपी आणि शॉर्टवेव्ह रेडिओ दिला, आणि म्हणाले म्हणे, आता तूच यांना सांभाळ. जसं काही घरचं मांजर शेजारी ठेवून चाललेत.

तिथं रात्री मॅच खेळायचे ती आपल्याला पहाटे ऐकू यायची. फज्रच्या बांगेबरोबर तुम्ही उठायचात, चहाचा कप घेऊन बाल्कनीच्या काचेला रेडिओ टेकवून बसायचात. अमेरिकन फौजांसाठीचं ते स्टेशन, कधी आपल्या टीमची मॅच लागायची, बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणाची, मग आपल्या टीमचा स्कोअर सांगतील म्हणून तास तास थांबायचं. आणि टीम तरी कुठली, तर डेलसाहेबांच्या जन्माआधी कधीतरी चॅम्पियन झालेली. मी एकदा म्हटलं, एवढे हरतात तर दुसरी टीम धरा ना. तुम्ही म्हणालात, "अगं, ही रोज खेळतात. आज हरले तरी उद्या परत मैदानात. आपल्याकडे काय आहे रोजच्या रोज बदलणारं?" आपल्याकडे कालच्यासारखाच आज होता आणि त्या पोरांचे निदान आकडे तरी बदलत होते.

तर एका शुक्रवारी जेवताना तुम्ही फार खुशीत होतात. कुणीतरी "सॅक्रिफाइस बंट" मारला होता. मी ऐकलं आणि भातावर वरण वाढता वाढता विचारलं, कुठला बंट? आपल्या खालच्या हॉटेलातले शेट्टी का? तेही मंगळूरकडचे बंटच की. त्यांनी कसला सॅक्रिफाइस केला, सांबारात नेहमीसारखं पाणीच तर घालतात. तुम्हाला ठसका लागला. पुढं कित्येक दिवस शेट्टी दिसले की तुम्ही तोंड फिरवून हसायचात आणि ते बिचारे मला विचारायचे, भाभी, साब को क्या हुआ.

मग तुम्ही टेबलावर चार चमचे मांडून मला समजावलंत. एकेक चमचा म्हणजे धावणाऱ्यानं थांबायची एक जागा. आपला एक गडी पहिल्या चमच्यावर अडकलाय. त्याला दुसऱ्यावर न्यायचं. मग बॅटिंगला आलेला मुद्दाम बॉल हळूच पायापाशी टाकतो, स्वतः आऊट होतो, पण त्या गडबडीत अडकलेला पुढं सरकतो. मी म्हटलं, आमच्या क्रिकेटमध्ये बळी बोलर घेतो, तुमच्यात बॅट्समन आपला आपणच देतो? तुम्ही म्हणालात, हो, तेच तर. मग मी गणिताची बाई, मी विचारलं की त्याच्या सरासरीचं काय. तुम्ही एवढ्या कौतुकानं सांगितलंत, "ती बिघडत नाही. ही खेळी धरतच नाहीत."

"धरत नाहीत म्हणजे?"

"म्हणजे छेदात घेतच नाहीत. तो खेळायला आलाच नव्हता असं समजतात."

हातातली पळी मी तशीच ठेवली आणि माझा जो पारा चढला तो तुम्हाला शेवटपर्यंत कळला नाही. म्हणजे माणूस आला, उभा राहिला, दुसऱ्यासाठी आऊट झाला, परत गेला, आणि कागदावर तो आलाच नव्हता? वर त्याला हा सन्मान वाटायला हवा? मी शाळा सोडली, इथं आले, कडी लावून बसले, तेव्हा माझीही खेळी धरत नाहीत का? मी पण छेदातून गेले का? तुम्ही चमचे गोळा करत म्हणालात, तू कुठलं कुठं नेतेस, खेळाचं बोलतोय आपण. मी म्हटलं, मी पण खेळाचंच बोलतेय. "बरं बाई, तुझं खरं," आणि उठलात.

हे भांडण आपण किती वर्षं, किती तऱ्हांनी केलं. भाजी कुठली आणायची इथून सुरू झालं तरी शेवटी गाडी तिथंच यायची.

सप्टेंबरच्या शेवटी त्यांचा सीझन संपायचा, म्हणजे आपल्या गणपतीच्या आगेमागे. आपला वीतभर गणपती बादलीत विसर्जन करायचो, सई जोरात ओरडायची, पुढच्या वर्षी लवकर या. आणि तुम्ही रेडिओ बंद करताना टीमला उद्देशून तेच म्हणायचात, त्याच चालीत. मी विचारायची, आणि आपलं? आपण घरी कधी? त्यालाही उत्तर तेच. पुढच्या वर्षी. आपल्या बिल्डिंगमधल्या सगळ्या मराठी घरांत हेच उत्तर होतं, पण त्याला चाल लावणारे तुम्ही एकटे.

आणि मग पाटकर. कुडाळचा, तुमच्या हाताखाली ड्राफ्ट्समन, एकुलता एक, लग्न व्हायचं होतं. शुक्रवारी आपल्याकडे जेवायचा आणि सईला मालवणी शिकवायचा. ती त्याला इंग्लिशमध्ये उत्तरं द्यायची, तो मालवणीत विचारायचा, दोघांचं छान चालायचं. त्याच्या आईला अर्धांगवायूचा झटका आला. त्याच्या सुट्टीची पाळी यायला अजून वर्ष होतं.

ही पद्धत इथं सांगलीत सांगितली तर कुणाचा विश्वास बसत नाही. सगळ्यांचे पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत. सुट्टीची पाळी आली की तुमचा तुम्हाला मिळणार. पण मध्येच कुणाला घाईनं जायचं असेल तर दुसऱ्यानं जामीन राहायचं, हा परत येईपर्यंत माझा पासपोर्ट अडकवून ठेवा, मी देश सोडणार नाही. एक सोडायचा तर एक अडकवायचा. तुमच्या कंपनीत काय, आजूबाजूच्या कंपन्यांत काय, सगळीकडे हेच. तुम्ही सही करून मोकळे झालात आणि संध्याकाळी बूट काढता काढता मला सांगितलंत.

मी विचारलं, तो आलाच नाही तर? तुम्ही म्हणालात, आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं. इन्शाल्ला, महिन्याभरात येईल.

महिन्याभरात आला नाही. दोन महिन्यांत आला नाही. आई कुशीवर सुद्धा वळू शकत नाही, असं कुणीतरी सांगितलं. आणि जुलैत इथं सांगलीत तुमच्या वडिलांना, अप्पांना, हॉस्पिटलात हलवलं.

तुम्ही पीआरओकडे, कंपनीची पासपोर्ट-व्हिसाची कामं बघणाऱ्याकडे गेलात. तो खाली मान घालून म्हणाला, हबीबी, माझ्या हातात काय आहे, तुझ्या पासपोर्टवर पिवळी चिठ्ठी आहे, पाटकर आला की चिठ्ठी निघाली. दुसरा कुणी तुमच्यासाठी जामीन राहील का, म्हणून तुम्ही विचारून बघितलंत. पाटकरचं झालेलं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं, कोण पुढं येणार? शेवटी तुम्ही मला आणि सईला पाठवलंत. विमानतळावर तुम्ही काचेच्या अलीकडे उभे होतात आणि आम्ही पलीकडे गेलो. एरवी हात हलवणारा माणूस, तुम्ही दोन्ही हात खिशात घालून उभे होतात. मला ते फार लागलं आणि तेव्हा राग पण आला. लष्कराच्या भाकऱ्या भाजायला कुणी सांगितल्या होत्या?

अप्पा शुद्धीत असायचे. डोळे उघडले की विचारायचे, अरुण निघाला का? मी म्हणायची, निघताहेत. ते म्हणायचे, बरं. संध्याकाळी हॉस्पिटलसमोरच्या मेडिकल स्टोअरच्या फोनवर तुमचा फोन यायचा. डॉक्टरांनी दोन-तीन दिवसांचं सांगितलं ते मी तुम्हाला तिथूनच कळवलं, गिऱ्हाइकांच्या गर्दीत, एका कानात बोट घालून. मला वाटलं लाईन तुटली. मग म्हणालात, "इथं रेडिओवर काही लागत नाही गं. नुसती खरखर."

त्याच आठवड्यात तिकडचे सगळे खेळाडू संपावर गेले होते. मॅचेस बंद. पण मला त्याचं काय? बाप जातोय आणि हा माणूस रेडिओचं सांगतोय, म्हणून मी फोन आपटला. मेडिकलवाला माझ्याकडे बघतच राहिला.

अप्पा गेले. अग्नी भाऊजींनी दिला. तुम्ही तिकडे एकट्यानं डोकं भादरून घेतलंत आणि दुसऱ्या दिवशी साइटवर गेलात. कुणीतरी विचारलं, मक्केला जाऊन उमरा करून आलास का? हे तुम्ही मला हसत सांगितलंत, मी परत आल्यावर. आणि तरीही पहाटे उठून रेडिओ लावून बसायचात. संप मिटला नव्हता, मॅच नव्हती, काही नव्हतं, तुम्ही त्या खरखरीपुढं चहा घेऊन बसलेले. मी म्हटलं, अहो, बंद करा तो. तुम्ही म्हणालात, त्यांचं बरं आहे, संप करता येतो. आपण इथं केला तर उद्याच्या विमानानं घरी पाठवतील. चहाचा घोट घेऊन म्हणालात, करून बघू का? आणि मग हसायला लागलात, आणि ते हसणं काही मला बघवेना.

त्या वर्षी सुतकामुळे गणपती नव्हता, आणि तिकडे सीझन अर्ध्यातच मोडला होता. पुढच्या वर्षी लवकर या, हे त्या वर्षी आपण कुणालाच म्हटलं नाही.

पिवळी चिठ्ठी निघायला अजून वर्ष गेलं. मॅनेजर बदलला म्हणून निघाली, पाटकर आला म्हणून नव्हे. तो आलाच नाही. त्यानंतरची सगळी वर्षं मी त्याला शिव्या घातल्या, अगदी नेमानं. कुडाळचे काजू कुणी घरी आणले तरी मी घालायची. तुम्ही नुसते म्हणायचात, अगं, धावणारा पुढं गेला ना. आणि मी म्हणायची, गेला, आणि तुमचे वडील? ती खेळी कुणी धरली? तिथं तुम्ही गप्प बसायचात. मला वाटायचं, उत्तर नाही म्हणून गप्प.

आता ऐका. तुम्ही गेलात त्या दिवशी पीआरओ दुपारच्या आत तुमचा पासपोर्ट घेऊन घरी आला. नवा होता तो पीआरओ, चांगला मुलगा, डोळे भरून आले होते त्याचे. तेव्हा एवढ्या विनवण्या करून जो निघाला नाही, तो पासपोर्ट अर्ध्या दिवसात माझ्या हातात. एम्बसीनं त्यावर रद्दचा शिक्का मारला, कोपरा कापला, आणि मग तुम्हाला देश सोडायची परवानगी मिळाली. तुमचा व्हिसा गेला म्हणजे आमचाही गेला. इतकी वर्षं घरी चला, घरी चला म्हणत होते मी. तुम्ही आऊट झालात आणि मी घरी आले. मला नको होतं असं पुढं सरकायला. तुम्ही मला विचारलं नाहीत, नेहमीसारखंच.

आणि काल पाटकर आला.

भाऊजींनी पेपरात दिलेलं वाचून, कुडाळहून एसटीनं. आता पोट सुटलंय, केस गेलेत. दारात चप्पल काढताना मी त्याला ओळखलं आणि एवढ्या वर्षांचं सगळं एकदम वर आलं. शब्दन् शब्द तयार होता, अहो. कुठून सुरुवात करायची ते सुद्धा ठरलेलं होतं. अप्पांच्या "अरुण निघाला का" पासून. समोर बसवून, डोळ्यांत बघून सांगणार होते मी त्याला, तुमच्यामुळे माझ्या नवऱ्याला बापाचं तोंड बघायला मिळालं नाही.

तो फोटोसमोर बराच वेळ उभा राहिला. मग खुर्चीच्या टोकावर बसला आणि माझ्याआधी तोच बोलायला लागला. आई त्यानंतर सात वर्षं जगली म्हणाला. बोलायला लागली होती, काठी धरून अंगणात यायची, त्याचं लग्न बघितलं, नातू मांडीवर घेतला. मग म्हणाला, "वहिनी, मी परत येणार होतो. बॅग भरली होती. शेजारच्या काकूंना आईचं बघायला सांगितलं होतं. अप्पा सीरियस आहेत कळलं, म्हणून कुडाळहून फोन केला, की मी येतो, तुमचा पासपोर्ट सोडवा. तर त्यांनी पहिल्यांदा विचारलं, आईला कुशीवर कोण वळवतं? म्हटलं, मीच. तर म्हणाले, आत्ताच घरी बोलणं झालं, डॉक्टरांनी दोन-तीनच दिवस सांगितलेत, पण पासपोर्ट मिळालाय, उद्याच्या विमानानं निघतोय, तू येऊ नकोस."

आत्ताच घरी बोलणं झालं. म्हणजे त्याच संध्याकाळी. माझा फोन ठेवल्यावर. ती खरखर सांगितलीत त्याच दिवशी.

अहो, मी गणित केलं तिथल्या तिथं. पाटकर दुसऱ्या दिवशी निघाला असता तरी अप्पा असेपर्यंत तुम्ही सांगलीला पोचला नसतात. तुम्हीही केलं असणार हे गणित, डॉक्टरांचं मीच तर सांगितलं होतं. पण तेराव्याला तरी पोचला असतात की. पुढचं ते अख्खं वर्ष तरी त्या खरखरीपुढं बसायला लागलं नसतं. ते सगळं माहीत असून तुम्ही बॉल पायापाशी टाकलात. आणि मला सांगितलं नाहीत. मी एवढी वर्षं त्या बिचाऱ्याला शिव्या घातल्या आणि तुम्ही मला घालू दिल्यात. का? मी ओरडले असते म्हणून? ओरडलेच असते. आत्ताही ओरडतेय, फक्त कागदावर. नवरा भोळा म्हणून मी इतके दिवस चिडत होते, आता तो भोळा नव्हता म्हणून चिडायचं. सगळं परत पहिल्यापासून भांडायला हवं, आणि तुम्ही तिकडे हार घालून बसलायत.

पाटकर रुमालानं चष्मा पुसत होता. पुसून झाल्यावर त्यानं तो डोळ्यांवर चढवला नाही, हातातच धरला. म्हणाला, "तेवढंच समाधान आहे, वहिनी. माझ्यामुळे त्यांचं ते राहिलं असतं तर आईची ती सात वर्षं मला गोड लागली नसती. पोचले ना ते अप्पांच्या वेळेला?"

विजयभाऊजी चहाचा ट्रे घेऊन दारात उभे होते. अप्पांना ज्यांनी अग्नी दिला, ते. सगळं ऐकलेले. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर जमलं नसतं.

मी म्हटलं, "हो. पोचले होते."

"बोलणं झालं दोघांचं?"

"झालं."

भाऊजींनी ट्रे खाली ठेवला आणि म्हणाले, घ्या, चहा घ्या, गार होईल. मी पाटकरला जेवून जा म्हटलं. तो जेवला. सईशी मालवणीत बोलायचा प्रयत्न केला, तिनं इंग्लिशमध्ये उत्तरं दिली. जाताना तुमच्या फोटोला नमस्कार केला तेव्हा त्याचा चेहरा अगदी मोकळा होता.

तो गेल्यावर भाऊजींनी विचारलं, वहिनी, खोटं का बोललात? त्यांच्यापुढं पण चमचे मांडू का? आता हे मला जन्मभर असंच धरून बसायला हवं. एकदा पोचले म्हटलंय ना, मग तुम्ही पोचलात, कुणापुढंही. सईपुढं सुद्धा, ती तेव्हा लहान होती. तुम्ही हे असं एकट्यानं तोंडात धरून माझ्यासमोर रोज जेवत होतात, हे मला कालपासून कळतंय.

तुमची टीम सप्टेंबरपर्यंत हरत राहील. सई रोज बघणार आहे म्हणते. सीझन संपला की कुणीतरी त्यांना पुढच्या वर्षी लवकर या म्हणायला हवं, ते मी म्हणेन, त्याच चालीत. तुम्हाला मात्र म्हणणार नाही. तुम्ही याल सुद्धा, आणि परत कुणासाठी तरी तिथं जाऊन अडकाल. एकदाचे घरी आलायत, बसा आता.

आपलं भांडण मिटलेलं नाही. तो नियम चुकीचा आहे, हे माझं मत अजून तसंच आहे. पण काल दुपारी, अहो, मी आऊट झाले. मुद्दाम. कुठल्या पेपरच्या कोपऱ्यात ते येणार नाही, भाऊजी कुणाला सांगणार नाहीत, आणि पाटकरला तर कधीच कळणार नाही. तुम्ही बघितलं असेल तर माझी तेवढी एक खेळी धरा.